दुर्लक्ष कर म्हणण्याआधी

जून-जुलै आला की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याची पोरं नाशिक-पुण्याला, कोणी मुंबईला शिकायला निघतात. घरात पेटी भरली जाते, जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स निघतात, शिष्यवृत्तीसाठी बँकेचं खातं उघडलं जातं. पण तिकडे कोणी जातीवरून बोललं तर काय करायचं, हे बहुतेक घरांत कोणी काढत नाही. आईबाबांनो, आज तेवढ्याचसाठी तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दहातले जवळजवळ सात जण आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, सगळी आपलीच माणसं. त्यामुळे घरी असेपर्यंत पोराला आपण वेगळे आहोत असं वाटायचं कारणच नसतं. शहरातल्या वसतिगृहात पहिल्या महिन्यात कोणीतरी विचारतं, "कोट्यातून आलीस का?" नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे सुरू होतात, बोलण्याच्या ढबीची नक्कल होते. पोर घरी फोन करते तेव्हा हे काहीच सांगत नाही. "इथे करमत नाही" एवढंच म्हणते. फार खोदून विचारलं तर थोडं बाहेर येतं, आणि आपण घाईघाईने म्हणतो, "दुर्लक्ष कर, बेटा. आपल्याला शिकायचं आहे. मोठ्या लोकांशी वैर नको."

हे तुम्ही मायेपोटी म्हणता, ते मला कळतं. पण हे ऐकलं की पोर पुढच्या वेळी सांगायचंच बंद करते.

डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातली. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवलं. वय फक्त २६. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला, अ‍ॅट्रॉसिटी आणि रॅगिंगविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आरोपींनी आरोप नाकारले आहेत आणि निकाल न्यायालयच देईल. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या महिन्यांबद्दल. आई आबेदा तडवी यांना छळ ठाऊक होता. तक्रार केली तर त्रास वाढेल, या भीतीने पायलच त्यांना अडवत होती, असं त्यांनी सांगितलं आहे. तरीही घरच्यांनी विभागात तोंडी सांगून पाहिलं. मृत्यूनंतर महाविद्यालयाकडून सांगण्यात आलं, आमच्याकडे लेखी तक्रार आलीच नव्हती.

या आईवडिलांचं काही चुकलं असं चुकूनही मनात आणू नका. पोरीची भीती खरी होती आणि ऐकून घेणं संस्थेचं काम होतं. पण 'लेखी' या एका मुद्द्यावर संस्था कशा हात झटकतात, ते आपण ओळखून ठेवायला हवं.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. त्यात लेखी तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असं नाही, आईवडीलही करू शकतात. पोर घाबरली असेल तर सही तुमची चालते. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. यात टाळाटाळ केली तर खुद्द प्राचार्यच मदतनीस म्हणून दोषी ठरू शकतात. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, साहेब आले की बघतील," असं म्हणाले, तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

आता पोलीस ठाणं. जातीवरून अपमान, धमकी, मारहाण हे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे आहेत, मात्र आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असला पाहिजे. घटना पुण्यात घडली म्हणून पुण्यालाच धावायची गरज नाही. तळोद्याच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, पुढे तो पुण्याला वर्ग होतो. या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. "एन. सी. (अदखलपात्र नोंद) घेतो, मिटवून टाका," असं कोणी म्हणालं तर शांतपणे, पण ठामपणे, एफआयआरच मागा.

फिर्याद लिहिली जाते तेव्हा अंमलदाराच्या शेजारी बसा. तो सवयीने लिहितो, "जातीवाचक शिवीगाळ केली." तेवढ्यावर थांबू देऊ नका. कोणता शब्द उच्चारला, कोणी, कुठे, त्या वेळी आजूबाजूला कोण होतं, हे जसंच्या तसं लिहून घ्या. तो शब्द तोंडावर आणताना जीभ अडखळते, बापासमोर पोरीला लाज वाटते. तिने तो एका कागदावर लिहून दिला तरी चालेल, पण तो फिर्यादीत आला पाहिजे. चार भिंतींआड, साक्षीला कोणी नसताना झालेल्या अपमानाला या कायद्याचं कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणून तिथे हजर असलेल्यांची नावं फार मोलाची. ग्रुपवरचे मेसेज रागाच्या भरात पुसू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, पटलं तरच सही करा, आणि प्रत मागा. ती फुकट मिळते. ठाण्याने नोंदच घेतली नाही, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. लोकसेवकाने या कायद्याखालचं काम जाणूनबुजून टाळलं, तर त्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि साठ दिवसांत आरोपपत्र अपेक्षित असतं. शासनाची आर्थिक मदत टप्प्याटप्प्याने मिळते, तिची सुरुवात बहुतेक गुन्ह्यांत एफआयआरपासूनच होते. त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. तपासासाठी, खटल्यासाठी जावं लागलं, तर प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचा भत्ता नियमातच आहे, मागायला संकोच करू नका. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. आदिवासी असल्यास उत्पन्नाची अट नाही. १९७० च्या दशकात शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांमागे लोक एकवटले, ते एकट्याने अन्यायाशी लढता येत नाही म्हणूनच. आजही ठाण्यात एकटे जाऊ नका. गावातला शिकलेला पोरगा, शिक्षक, संघटनेचा कार्यकर्ता, कोणीतरी सोबत न्या.

पण केस ही केस आहे, आणि पोर ही पोर. तारखा पडत राहतील, तोवर तिला झोप लागते का, जेवते का, वर्गात जाते का, हे रोज विचारा. गप्प गप्प राहू लागली, जगण्याबद्दल निराशेचं बोलू लागली, तर वाट पाहू नका, उठा आणि तिच्याकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ वर दिवसरात्र मोफत बोलता येतं, आईबाबांनाही. एखादं वर्ष सोडून घरी यावंसं वाटलं, तर दार उघडं आहे, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

यंदा पेटी भरायला बसाल तेव्हा लेकराला समोर बसवा आणि सांगा, कोणी जातीवरून बोललं तर त्याच दिवशी आम्हाला फोन कर, सही आम्ही करू. आणि अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६६ हा नंबर तिच्या फोनमध्ये घाला, आणि तुमच्याही.