सर्व्हिस कुणाची?

चि. रेवास,



तुझ्या आईनं कळवलं की पुढच्या महिन्यात तू जिल्हा स्पर्धेत उतरते आहेस आणि एकेरीसोबत मुग्धाबरोबर दुहेरीतही नाव दिलं आहेस. फार बरं वाटलं. सकाळचं पळणं, दोरीवरच्या उड्या, स्मॅशचा सराव सगळं जोरात चालू आहे म्हणे. पण पॉइंट झाला की तुम्ही दोघी एकमेकींकडे बघता आणि ‘आता सर्व्हिस कुणाची?’ असं समोरच्यांनाच विचारता, हेही तिनं सांगितलं. म्हणून हे पत्र. इतकी वर्षं शाळा-क्लबांच्या स्पर्धांत पंचांच्या खुर्चीवर बसून मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. चांगला हात असलेल्या मुली नियम माहीत नसल्यामुळे गोंधळतात, आणि एकदा मन विचलित झालं की पुढचे चार पॉइंट हातचे जातात. फटके तुला तुझे सर शिकवतीलच. नियम मात्र तुझे तुलाच पक्के करायला हवेत.

गुणांचं तुला ठाऊक आहेच: २१ चा गेम, तीनांतले दोन जिंकायचे, २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी हवी, आणि २९-२९ झाले तर पुढचा पॉइंट घेईल त्याचा गेम. ११ ला एक मिनिटाची विश्रांती, दोन गेममध्ये दोन मिनिटं, तिसऱ्या गेममध्ये ११ ला बाजू बदलायची. रॅली कुणीही जिंको, गुण त्याचा, ही पद्धत २००६ सालची. त्याआधी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा. आपल्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले, प्रकाश पदुकोणनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकली, ते सगळं त्या जुन्या पद्धतीत. तेव्हा सर्व्हिस हातात असणं म्हणजे सर्वस्व होतं. आज तसं नाही. आज सर्व्हिस चुकली की थेट गुण समोर जातो. म्हणून सर्व्हिसचे नियम आता जास्त जपायला हवेत.

आधी दुहेरी, कारण अडचण तिथेच आहे. एकच गोष्ट ध्यानात ठेव: जागा बदलते ती फक्त सर्व्हिस करणारी जोडी, आणि तीही पॉइंट जिंकला तरच. बाकी कुणीही, कधीही जागा बदलायची नाही. आता कागदावर कोर्ट काढ आणि बोट फिरवत वाच. ०-० ला तू उजवीकडून सर्व्हिस केलीस आणि पॉइंट जिंकलात. १-० झाले. तू डावीकडे, मुग्धा उजवीकडे. सर्व्हिस पुन्हा तूच करायची, आता डावीकडून. हा पॉइंट गेला. १-१. सर्व्हिस त्यांच्याकडे, पण चौघींपैकी कुणीही हललं नाही. त्यांचा गुण १, म्हणजे विषम, म्हणून त्यांच्यातली जी डावीकडे उभी आहे ती सर्व्हिस करेल आणि तिची सर्व्हिस तिरपी तुझ्याकडे येईल. समज तो पॉइंट तुम्ही घेतला. २-१. सर्व्हिस परत तुमची. तुमचा गुण २, सम, म्हणून जी उजवीकडे आहे ती, म्हणजे मुग्धा, सर्व्हिस करेल. तू नाही. इथेच घोळ होतो. मघाशी तू करत होतीस म्हणून आताही तूच शटल उचलतेस. आपला गुण सम की विषम आणि उजवीकडे कोण उभं आहे, एवढं पाहिलंस की कुणाला विचारावं लागणार नाही. चुकून चुकीच्या जागेवरून खेळलात आणि ते नंतर लक्षात आलं, तर जागा दुरुस्त करायची. झालेले गुण तसेच राहतात. त्यावरून भांडू नकोस.

आणखी एक. एकेरीची सर्व्हिस लांब आणि अरुंद जागेत, दुहेरीची आखूड आणि रुंद जागेत. दुहेरीत मागच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत जी रेषा आहे, तिच्या पलीकडे सर्व्हिस पडली तर ती बाहेर. सर्व्हिस परतली की मग मात्र सगळं कोर्ट खुलं. एकेरी खेळून लगेच दुहेरीला उभ्या राहणाऱ्या मुली उंच लांब सर्व्हिस करून पहिलाच गुण घालवतात. हे तुझ्या बाबतीत होण्याचा धोका मला खरंच वाटतो, कारण तुझी लांब सर्व्हिस चांगली आहे.

सर्व्हिस करताना शटलला रॅकेट लागेल त्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. २०१८ पर्यंत मोजमाप सर्व्हिस करणाऱ्याच्या सगळ्यात खालच्या बरगडीवरून होत असे, म्हणजे प्रत्येकाची मर्यादा वेगळी आणि पंचांची नजरही वेगळी. आता उंच-ठेंगू सगळ्यांना एकच रेषा. मोठ्या स्पर्धांत ती पाहायला उपकरण असतं. तुमच्याकडे बहुधा पंच नजरेनंच ठरवतील. म्हणून घरी भिंतीवर टेपनं मोजून १.१५ वर खडूची रेघ मार आणि तिच्याशेजारी उभी राहून आईला बघायला सांग. रॅकेट आधी शटलच्या बुचाला लागायला हवी, पिसांना नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आणि स्थिर, रेषेवर नाही. रॅकेट पुढे यायला लागली की मध्ये थबकून समोरच्याला फसवायचं नाही; तो सरळ फॉल्ट आहे. शटल सोडताना बोटांनी गिरकी देण्याची युक्ती मध्यंतरी निघाली होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. कुणी शिकवायला लागलं तर शिकू नकोस. सर्व्हिस घेणारीनंही शटलला रॅकेट लागेपर्यंत पाय हलवायचे नाहीत, हे फार जणींना माहीतच नसतं. आणि टेनिसमध्ये सर्व्हिस नेटला लागून आत पडली तर पुन्हा करतात, तसं आपल्याकडे नाही. ती योग्य चौकोनात पडली तर खेळ चालू. हात वर करून थांबू नकोस, पळ.

खेळ चालू असताना रॅकेट, कपडे, अंग काहीही नेटला लागलं की गुण समोरच्याला. शटलला पहिला स्पर्श आपल्या बाजूलाच हवा. त्यानंतर रॅकेट हाताच्या ओघात नेटपलीकडे गेली तर चालते. शटल तुझ्या अंगाला लागलं तर फॉल्ट तुझा, मग तू कोर्टाबाहेर का उभी असेनास. म्हणून बाहेर जाणारं शटल कौतुकानं हातात झेलू नकोस. ते जमिनीवर पडू दे.

शटलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मुली त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. सोळा पिसं, वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅमच्या मध्ये. स्पर्धेआधी वेग तपासायची रीत अशी: मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर, पूर्ण ताकदीनं, बाजूच्या रेषेला समांतर मारायचं. पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर शटल योग्य. उन्हाळ्यात हवा तापली की तेच शटल लांब जातं, तेव्हा कमी वेगाचं घ्यावं लागतं. शटल लांब जातंय म्हणून काही जण पिसांची टोकं चिमटीत धरून वाकवतात. मुद्दाम शटलचा वेग किंवा उडणं बदलणं नियमबाह्य आहे. शटल खराब वाटलं तर पंचांना दाखव, बदलून माग, ते ठरवतील.

आता रेषेचं. रेषा चार सेंटिमीटर रुंद असते आणि ती आतलीच. शटलचा कुठलाही भाग रेषेला टेकला तर आत. रेषापंच असतील तर ते बाहेर पडलं की मोठ्यानं ‘आउट’ म्हणतात, आत असेल तर काही न बोलता हातानं रेषेकडे दाखवतात, आणि दिसलंच नसेल तर दोन्ही हात डोळ्यांवर धरतात. त्या तिसऱ्या खुणेचा मला आदर वाटतो. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत रेषापंच नसतात, आपल्या बाजूचा निर्णय बऱ्याचदा आपणच द्यायचा असतो. तिथे माझं सांगणं स्पष्ट आहे: बाहेर पडलेलं डोळ्यांनी दिसलं तरच ‘आउट’ म्हण. नीट दिसलं नसेल तर गुण समोरच्याला दे, २०-२० ला सुद्धा. प्रेक्षकांतून तुझ्या बाबांनी काहीही ओरडलं तरी.

जिंकणं मला कमी महत्त्वाचं वाटतं असं समजू नकोस. जीव तोडून खेळ. तेही नियमातच आहे: २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुढची लढत सोपी मिळावी म्हणून महिला दुहेरीच्या जोड्या मुद्दाम हरायला खेळल्या, तेव्हा चार जोड्यांना स्पर्धेतून बाद करण्यात आलं होतं.

पाणी प्यायला किंवा घाम पुसायला पंचांना विचार, न विचारता कोर्टाबाहेर जाऊ नकोस. हा कागद मुग्धालाही दाखव. रविवारी दोघी मिळून दुहेरीचा एक पूर्ण गेम रॅकेटशिवाय, नुसत्या जागा बदलत आणि गुण मोठ्यानं म्हणत खेळा, आणि कुठे अडलात ते मला लगेच कळव.

तुझी,
शैलामावशी