दळण, चऱ्हाट आणि तुणतुणे



वसतिगृहात रात्री दिवे मालवल्यावर जी कुजबुज चालते, तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : “पुरे रे, तेच ते दळण!” पोकळ व पुनरुक्त बोलण्याला मराठीने अशी अनेक नावे दिली आहेत. ती कोठून आली, याचा आपण येथे थोडा विचार करू.

चऱ्हाट म्हणजे जाड दोर. तो वळताना पिळावर पीळ चढत जातो. म्हणून लांबतच जाणारे कथन हे चऱ्हाट. गुऱ्हाळ म्हणजे उसाचा रस काढून गूळ करण्याची जागा. तेथे चरकाला जुंपलेले बैल गोल गोल फिरत. त्यावरून लांबलेल्या चर्चेलाही गुऱ्हाळ म्हणू लागले. सूत कातण्याची टकळी गरगर फिरते, तशीच वाचाळाच्या तोंडाची टकळी. पुढे ध्वनिफितीबरोबर ‘टेप लावणे’ आले, आणि आज तुम्ही ‘पकवू नकोस’ म्हणता.

यांतील जुने शब्द कष्टाच्या कामांतून आले आहेत. ती कामे मात्र पोकळ नव्हती. दोर वळला जाई, गूळ तयार होई, सूत निघे, जात्याभोवती पीठ साचे. भाषेने त्या कामांतील फिरणे तेवढे घेतले, फळ मागे ठेवले. म्हणजे दोष फेऱ्यांचा नाही. फेऱ्यांनंतर हाती काहीच न येण्याचा आहे.

सम्यक वाचेत असत्य, चहाडी व कठोर भाषण यांच्याबरोबर चौथी गोष्ट वर्ज्य सांगितली आहे : सम्फप्पलाप, म्हणजे निरर्थक बडबड. परंतु पाली सुत्तांत पुनरुक्ती विपुल आहे. ती वचने दीर्घकाळ मुखोद्गत जपली गेली, आणि त्या पुनरुक्तीने स्मरणाला आधार दिला. पुनरुक्त ते सारे निरर्थक, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

हे आम्ही एका विद्यार्थ्याकडून शिकलो. तो वारंवार म्हणे, “गुरुजी, फळ्यावरचे दिसत नाही.” आम्ही हसून म्हणालो, “याचे तेच तुणतुणे!” वर्गही हसला. त्यानंतर तो गप्प झाला. पुढे नेत्रतपासणीत त्याची दृष्टी बरीच अधू असल्याचे आढळले. तुणतुण्याला एकच तार असते. त्याच्यापाशीही सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती खरी होती. पोकळ शब्द त्याचा नव्हता, आमचा होता.

म्हणून, मित्रहो, हे शब्द अवश्य वापरा. ते आपल्या भाषेचे धन आहेत. परंतु ते आधी स्वतःच्या बोलण्याला लावून पाहा. दुसऱ्याला लावण्यापूर्वी मात्र एक प्रश्न विचारा : हा तेच ते का सांगत आहे? कदाचित आपण अजून ऐकलेच नसेल.