‘सर, थांबा’ म्हणायला शिकवणारं करिअर

२२ मे २०१०ची सकाळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीकडे झेपावत होतं. विमान हवं त्यापेक्षा बरंच उंच होतं, वेगही जास्त होता. सहवैमानिकाने कॅप्टनला उतरणं रद्द करायला सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. कॉकपिटमधली यंत्रणाही धोक्याच्या सूचना देत होती. कॅप्टनच्या गाठीशी दहा हजार तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव होता, पण त्या रात्री प्रवासातला बराच वेळ तो झोपेत होता. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ जणांपैकी ८ वाचले.

या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते एअर मार्शल भूषण गोखले. सहवैमानिकाने तीनदा सांगूनही कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नाही, यावर अहवालाने नेमकं बोट ठेवलं. धोका एकाला दिसत होता, त्याने तो बोलूनही दाखवला, तरी निर्णय बदलला नाही.

हे का घडतं आणि कसं टाळायचं, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला ह्यूमन फॅक्टर्स म्हणतात. माणूस दमतो, विसरतो, गडबडतो, साहेबापुढे दबकतो, हे गृहीत धरून यंत्रं, कामाच्या पद्धती आणि टीमची वागणूक घडवायची, हा तिचा गाभा. दहावी-बारावीच्या निकालानंतर भरणाऱ्या करिअर मेळाव्यांत तिचा स्टॉल सहसा दिसत नाही. पण पायलट, मरीन इंजिनिअर, लोको पायलट, नर्स किंवा सेफ्टी ऑफिसर व्हायचं म्हटलं, की तिची गाठ पडतेच.

पालकांसाठी यात एक छोटी अडचण आहे. ‘आमचा मुलगा मोठ्यांना उलट उत्तर देत नाही’ असं घरोघरी कौतुकाने सांगितलं जातं. या क्षेत्रात मात्र मोठ्यांना योग्य वेळी, योग्य शब्दांत अडवणं हेच कौशल्य मानलं जातं, आणि ते शिकवून तपासलंही जातं.

धडा कुठून सुरू झाला

२७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्याने वेढलेल्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवर असेल अशी शंका उड्डाण घेणाऱ्या केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती; अनुभवी कॅप्टनने ती उडवून लावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलँडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं विमान चाकांची तक्रार शोधता शोधता इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये माहीत होतं, पण कॅप्टनला खडबडून जागं करील अशा भाषेत ते कुणी सांगितलं नाही. १९७९मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि १९८१मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी याचं प्रशिक्षण सुरू केलं. आज ते क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे सीआरएम, या नावाने जगभर चालतं.

त्याचा उपयोग दिसला १९ जुलै १९८९ला. त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतलं आणि चौघांनी मिळून केवळ इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ११२ जण दगावले, पण १८४ वाचले. हेन्स पुढे अनेक वर्षं त्याचं श्रेय सीआरएमला देत राहिले.

वर्गात नेमकं काय होतं

प्रशिक्षण म्हणजे ‘टीमवर्क महत्त्वाचं आहे’ अशी भाषणं, असा समज असेल तर तो काढून टाकावा. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक मुद्दाम चूक करतो आणि शिकाऊ काय करतो ते पाहतो. बोलण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी प्रश्न: ‘सर, आपण जरा उंच वाटतोय का?’ मग स्पष्ट माहिती: ‘सर, उंची जास्त आहे, वेगही जास्त आहे.’ मग उतरणं रद्द करण्याची थेट सूचना: ‘सर, गो अराउंड.’ आणि तरीही फरक पडला नाही तर शेवटची पायरी: ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत विमान हातात घेणं. पहिल्या पायरीवरच घुटमळणारी मुलं पुष्कळ असतात. सत्र संपल्यावर चित्रफीत लावून, कोण कधी गप्प बसलं याची चर्चा होते. खरं शिक्षण त्या चर्चेतच होतं.

रुग्णालयातलं रूप वेगळं. हृदय बंद पडलेल्या पेशंटभोवती सहा-सात जण जमलेले असताना डॉक्टर नुसतं ‘अॅड्रिनलिन द्या’ म्हणत नाहीत. नर्सचं नाव घेऊन ‘अॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम, शिरेतून’ असं सांगतात. ती तेच शब्द परत म्हणते आणि दिल्यावर ‘दिलं’ म्हणून कळवते. ऑपरेशन थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आहे. चिरा घेण्याआधी सगळे क्षणभर थांबून आपलं नाव आणि काम सांगतात. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख अतुल गवांदे, ज्यांचे वडील मूळचे विदर्भातल्या उटी गावचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या रेल्वे इंजिनातही हेच चालतं. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल हाताने दाखवून मोठ्याने एकमेकांना सांगतात. रात्री तीन वाजता, तोच मार्ग शंभराव्यांदा जातानाही. या विद्येकडे जाणारी दारं दोन.

दार पहिलं: नोकरीतच येणारं प्रशिक्षण

बारावीला फिजिक्स आणि गणित घेतलेल्यांना वैमानिक प्रशिक्षणाची वाट आहे. गोंदियाला तशी संस्था आहे. विमान देखभालीच्या परवान्यासाठी ह्यूमन फॅक्टर्सचा स्वतंत्र पेपरच असतो, हे मेकॅनिकलकडे ओढा असलेल्या मुलांनी लक्षात ठेवावं. मर्चंट नेव्हीत २०१२पासून ब्रिज आणि इंजिन रूममधल्या टीमचं व्यवस्थापन हा अधिकाऱ्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा भाग झाला. नवी मुंबईत आणि तळेगावजवळ सागरी शिक्षणाच्या नावाजलेल्या संस्था आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी असिस्टंट लोको पायलटची भरती असते. तिथे लेखी परीक्षेनंतर संगणकावर कल चाचणी होते. एकाग्रता, स्मरण, अंतराचा अंदाज अशा अंगांनी ती उमेदवाराला तपासते, आणि प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर लागतो. एकात चमकून दुसऱ्यात नापास झालेलं चालत नाही.

दार दुसरं: हेच काम म्हणून निवडणं

इथे पालकांनी जमिनीवर राहावं. भारतात ‘ह्यूमन फॅक्टर्स तज्ज्ञ’ अशा नावाच्या जाहिराती थोड्या. तेच काम सेफ्टी ऑफिसर, सीआरएम प्रशिक्षक, अर्गोनॉमिक्स सल्लागार, युजर रिसर्चर अशा नावांनी मिळतं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी भक्कम मूळ पदवी, मग एखाद्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम, मग ही खास विद्या. बारावीनंतर थेट शनिवार-रविवारचा सर्टिफिकेट कोर्स केला म्हणून कुणी कारखान्याची सुरक्षा हातात देत नाही.

सर्वांत ठळक वाट कारखान्यांची. १९४८च्या कारखाना कायद्याने हजार किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक केलं. २०२०च्या संहितेत ती मर्यादा ५०० कामगारांवर आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत २५०वर आणली आहे. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी वा डिप्लोमा, किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीतली बी.एस्सी., काही वर्षांचा शॉप-फ्लोअरचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका अशी जोड लागते. ही पदविका मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये करता येते. नियमांत आणखी एक अट आहे: बहुसंख्य कामगार बोलतात ती भाषा येणं. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना ही बातमी सुखाची वाटावी.

दुसरी वाट डिझाइनची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-१७ बॉम्बरचे वैमानिक उतरल्यावर पंखांवरच्या फ्लॅप्सऐवजी चाकंच आत घेत आणि विमान पोटावर बसे. दोन्ही स्विच शेजारी, दिसायला सारखे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष देण्याऐवजी चाकांच्या दांड्याला गोल चाकासारखी आणि फ्लॅप्सच्या दांड्याला पाचरीसारखी मूठ बसवण्याचा उपाय काढला. आजही विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते. असं काम आवडणाऱ्यांनी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा विचार करावा. बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड या प्रवेश परीक्षा आहेत.

कला शाखेचा मुलगा मागे राहतो का? नाही. मानसशास्त्रात एम.ए. करताना औद्योगिक मानसशास्त्राकडे वळता येतं, आणि फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवीही अर्गोनॉमिक्सकडे नेते. मात्र संख्याशास्त्राची भीती बाळगून चालणार नाही. अपघातांच्या नोंदींतून नेमकं कारण काढायला ते लागतंच.

फी भरण्याआधी

संस्था निवडताना चकचकीत इमारतीपेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. सिम्युलेटरवर प्रत्येक विद्यार्थ्याला किती तास मिळतात? सत्रानंतरची चर्चा कोण घेतं, आणि त्याने स्वतः त्या क्षेत्रात काम केलंय का? मान्यता कोणत्या सरकारी यंत्रणेची आहे: विमानासाठी डीजीसीए, जहाजासाठी डीजी शिपिंग? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत, आणि त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का?

आणखी एक तपासणी घरूनच करून घ्यावी. वैमानिक, डेक ऑफिसर आणि लोको पायलट या तिन्ही वाटांवर रंग ओळखण्याची दृष्टी कडक निकषांवर तपासतात. मुलाला लाल-हिरव्याचा फरक कळत नाही, हे लाखोंची फी भरल्यावर कळण्यापेक्षा अकरावीतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टीची चाचणी करून घेतलेली बरी. ती काही मिनिटांत होते. त्यात अडचण निघाली तर अर्गोनॉमिक्स, डिझाइन आणि औद्योगिक मानसशास्त्राच्या वाटा उरतातच.