रिपोर्टमध्ये विषाणू नाही, मग गोळी कशाला?

प्रश्न : आमच्या नात्यातल्या एका तरुणाला एचआयव्ही आहे. व्हायरल लोडच्या रिपोर्टमध्ये ‘विषाणू आढळला नाही’ असं आलंय. मग रोजची गोळी कशाला? आणि दारू प्यायला की त्या दिवशी तो गोळी घेत नाही, हे बरोबर का?

उत्तर : ‘आढळला नाही’ म्हणजे विषाणू शरीरातून गेला, असं नाही. ही तपासणी रक्तात फिरणारे विषाणू मोजते. एचआयव्ही मात्र काही पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्येच शिरून निपचित पडून राहतो. तिथे तो तपासणीलाही सापडत नाही आणि औषधालाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच पुन्हा दिसू लागतो.

अधूनमधून गोळी चुकवणंही धोक्याचंच. रक्तातलं औषध कमी पडलं की विषाणूच्या नव्या प्रती तयार होऊ लागतात आणि त्यांत बारीक बदल होत जातात. त्या अपुऱ्या औषधाला दाद न देणारी प्रत तगते आणि फोफावते. मग तेच औषध पूर्ण मात्रेत घेऊनही उपयोग होत नाही. हल्लीच्या डोलुटेग्राविर असलेल्या गोळीबाबत असं कमी घडतं, पण घडतं.

आता दारू. ‘दारूवर गोळी घेतली तर विष होतं’ हा समज फार पसरलेला आहे, आणि तोच जास्त नुकसान करतो. दारू यकृताला वाईटच, त्यात वाद नाही. पण ही गोळी दारूसोबत पोटात गेली म्हणून विष होत नाही. समजापायी माणूस पिण्याच्या दिवशी मुद्दाम गोळी टाळतो. त्याच रात्री दारूमुळे कंडोमचंही भान सुटतं. असं वारंवार झालं की रक्तात विषाणू वाढलेले असतात आणि नेमकी तेव्हाच खबरदारी नसते. त्याचा धोका जोडीदारालाही.

‘औषधं मिळाली की हे लोक बेफिकीर होतात,’ असंही लोक बोलतात. वस्तुस्थिती पाहा. नऊ देशांत, त्यात आपल्या पुण्यातही, झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून २०११ साली दिसलं, की उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. व्हायरल लोड सतत न आढळण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झालंय. नेमाने गोळी घेणारा माणूस जोडीदारालाही जपतो. मात्र गरमी, परमा यांपासून गोळी वाचवत नाही. त्यासाठी कंडोम हवाच. सुई वाटून घेणाऱ्यांनाही ही हमी लागू नाही.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. यकृताचा आजार असेल, तर पिण्याबद्दल एआरटी सेंटरच्या (जिथून ही गोळी मिळते त्या केंद्राच्या) डॉक्टरांना खरं सांगावं. गुप्तता पाळणं त्यांना २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या हेल्पलाइनवर फोन मोफत लागतो.

तुम्ही त्याला दारूवरून जरूर बोला, पण दुसऱ्या दिवशी. त्या रात्री फक्त गोळी घेतली का, एवढंच विचारा.