वाइन तीनदा गाळली, तरी गढूळच का?

प्रश्न : कुंडलला आमची ४ एकर द्राक्षबाग आहे. धाकटी लेक आणि जावई कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहतात. तिकडे घरच्यापुरती वाइन करायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून यंदा दोघांनी थॉमसन द्राक्षांची २० लिटर वाइन केली. द्राक्षं कुस्करली, रस नीट सुटावा म्हणून जरा उकळली आणि गार झाल्यावर यीस्ट घातलं. फसफसणं थांबून महिना झाला. लेकीने वाइन दोनदा मलमलीतून आणि एकदा कॉफीच्या कागदातून गाळली, तरी ती तांदळाच्या धुवणासारखीच दिसते. फोनवर बरणी दाखवते आणि म्हणते, ‘अण्णा, तुम्ही द्राक्षवाले, तुम्हीच सांगा.’ मला काही सुचेना. पाण्यात फिरवतो ती तुरटी चालेल का? आणि फ्रीजमधल्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे बसलेत, ते कसले?
— एक बागायतदार, कुंडल (ता. पलूस)

उत्तर : लेकीला आधी एवढंच कळवा, की आता गाळणं थांबव.

यीस्टची एक पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. मलमलीची भोकं यीस्टला गावच्या वेशीएवढी मोठी. कॉफीचा कागद त्याहून बारीक, तरी त्यातूनही यीस्ट सहज निसटतं, आणि द्राक्षातली प्रथिनं व पेक्टिन तर यीस्टच्याही शेकडो पटींनी लहान. कागदावर थर साचला की गाळण तुंबते आणि वाइन थेंबथेंब उतरत तासन्‌तास हवेत राहते. खरं नुकसान तिथे होतं. कापलेलं वांगं हवेवर काळं पडतं तशी पांढरी वाइन तपकिरी होते, आणि हवेच्या जोडीने येणारे जिवाणू तिचा व्हिनेगर करू लागतात. वाइनच्या कारखान्यात ०.४५ मायक्रॉनचे पडदे असतात हे खरं, पण वाइन आधी जवळजवळ नितळ झाल्याशिवाय तिथेही कुणी ती त्या पडद्यावर घालत नाही, नाहीतर काही मिनिटांत पडदा बंद पडेल.

आपल्या भाषेत गाळणं आणि निवळणं हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या दुसऱ्यात आहे. ताक ठेवून दिलं की वर निवळी येते, ती आपण अलगद ओतून घेतो. वाइनचंही तसंच करायचं.

तुमच्या भागात हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते गुऱ्हाळावर. चरकाखाली रस एकदा गाळणीतून जातो, तो फक्त चिपाडाचे तुकडे अडवायला. खरी सफाई काहिलीत. रस तापू लागला की गुळव्या ठेचलेल्या रानभेंडीचं बुळबुळीत पाणी त्यात सोडतो. मी लहानपणी काहिलीच्या कडेला उभा राहून हे बघितलंय : आधी काहीच होत नाही, रस तसाच राखट-हिरवा. मग कडेकडेने फेसाचे पुंजके उठतात, एकमेकांना धरतात आणि बघता बघता काळपट मळीची जाड साय सगळ्या काहिलीवर पसरते. लांब दांड्याच्या झाऱ्याने ती बाजूला ओढली की खालून रसाचा उजळ सोनेरी रंग दिसतो. भेंडीने एकही कण गाळलेला नसतो. तिने बारीक कणांना एकमेकांना चिकटवून त्यांचे मोठे पुंजके केलेले असतात. गुऱ्हाळात उष्णतेमुळे हे पुंजके वर येतात, वाइनमध्ये ते तळाला जातात, एवढाच फरक.

पुंजका होण्याला इतकं महत्त्व का? स्थिर द्रवात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. कण १० पट मोठा झाला की तो १०० पट वेगाने बसतो. यीस्ट काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप खाली येतं. महिनाभर ठेवूनही, तीनदा गाळूनही गढूळपणा हलत नसेल, तर तो यीस्टचा नाही.

तुमच्या पत्रातला ‘जरा उकळली’ हा शब्द मला म्हणूनच खटकला. पेरूची जेली कशाने घट्ट होते? पेक्टिनने, आणि ते उकळल्यावर फळातून भरपूर सुटतं. द्राक्षातही पेक्टिन असतं आणि ते तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. उकळल्याने पेक्टिन रसात उतरलं आणि ती विकरं मेली. आता ते पेक्टिन बारीक कणांना अधांतरी धरून ठेवतं. माझा संशय त्याच्यावरच आहे, पण लेकीला तो पाच मिनिटांत तपासता येईल. काचेच्या पेल्यात चमचाभर वाइन आणि ३-४ चमचे औषधाच्या दुकानातलं स्पिरिट एकत्र करून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. दोऱ्यासारखे किंवा जेलीसारखे गोळे दिसले तर ते पेक्टिन. जेली करणाऱ्या बायका फळाच्या रसाला हीच कसोटी लावतात. ते स्पिरिट विषारी असतं, तेव्हा पेला लगेच मोरीत ओतायचा आणि खळखळून धुवायचा. तो चाखायचा नाही, घरात मुलं असतील तर ओट्यावर तसाच सोडायचाही नाही.

पेक्टिन निघालं तर उपाय पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन तोडणारं विकर. वाइनचं सामान विकणाऱ्या दुकानात ते पूड किंवा द्रव रूपात मिळतं. ते आंबवण्याआधी घालणं उत्तम. नंतरही चालतं, पण मद्यार्कात त्याचं काम मंदावतं, म्हणून मात्रा थोडी जास्त घालून बरणी घरातल्या उबदार जागी आठवडाभर ठेवावी.

त्यानंतर प्रथिनांसाठी बेन्टोनाइट. हे नाव तुम्हाला नवं नाही. बागेला आपण बेन्टोनाइट सल्फर टाकतो, त्या दाण्यांत मिसळलेली माती ती हीच. (पण ते खताचं पोतं वाइनला चालणार नाही. खाण्याच्या प्रतीचं शुद्ध बेन्टोनाइट वेगळं मिळतं, तेच घ्यावं.) या मातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि वाइनच्या आंबटपणात प्रथिनांवर धन भार, त्यामुळे दोघं एकमेकांना ओढतात आणि जडावून तळ गाठतात. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १० ते २० ग्रॅम पुरे. पूड थेट वाइनमध्ये टाकली तर गुठळ्या होतात. वीसपट गरम पाण्यावर ती चिमटीचिमटीने भुरभुरत ढवळावी आणि रात्रभर भिजू द्यावी. सकाळी ती पातळ खळीसारखी फुगलेली दिसते. मग वाइनमध्ये ओतून चांगलं ढवळायचं आणि बरणीला आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. क्रम मात्र चुकवू नये. पेक्टिनेज हेही एक प्रथिनच आहे. बेन्टोनाइट आधी घातलं तर ते त्यालाच धरून तळाला नेईल आणि औषध वाया जाईल.

गाळ बसला की नळीने वरची वाइन दुसऱ्या बरणीत उतरवून घ्यावी. भरलेली बरणी टेबलावर, रिकामी जमिनीवर, नळीचं वरचं तोंड गाळाच्या चार बोटं वर आणि खालचं तोंड रिकाम्या बरणीच्या तळाला टेकलेलं, म्हणजे धार हवेत उडत नाही. शेवटची दोन वाट्या वाइन गाळासोबत सोडून द्यावी. तेवढ्यासाठी बरणी वाकवली की पुन्हा सगळं ढवळून निघतं. नवी बरणी तोंडापर्यंत भरलेली हवी. याच वेळी लिटरला ५० मिलिग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं की हवेपासून बचाव होतो. निर्यातीच्या पेटीत द्राक्षांवर आपण ग्रेप गार्डचा कागद ठेवतो, त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड तो हाच. घरात कुणाला दमा असेल तर मात्र त्याला ही वाइन देऊ नये.

तुरटीचं विचारलंत. पावसाळ्यात कृष्णेच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की घागर निवळते, ते तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियममुळे. पण ते काम पाणी फारसं आंबट नसेल तरच होतं. वाइनचा पीएच ३ ते ४ असतो. एवढ्या आंबटात तुरटी पुंजके करत नाही, नुसती विरघळून राहते. वाइन तुरट होईल, पोटात अ‍ॅल्युमिनियम जाईल आणि गढूळपणा तसाच. तेव्हा तुरटी अजिबात नको.

पुढच्या हंगामासाठी : द्राक्षं उकळू नयेत. कुस्करून रस काढावा, त्यात पेक्टिनेज घालावं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा, सकाळी वरचा निवळ रस उतरवून त्यातच यीस्ट घालावं. पांढऱ्या वाइनचे जाणकार आंबवण्याआधीच रस निवळून घेतात, ते यासाठीच. घड भुरीचे किंवा सडके असतील तर निर्दयपणे बाजूला काढावेत. भुरी लागलेल्या मण्यांत गढूळपणा आणणारी प्रथिनं वाढतात, आणि सडक्या मण्यांतला बुळबुळीत पदार्थ कोणत्याच गाळणीला दाद देत नाही.

हा रस निवळण्याचा प्रयोग तुम्ही कुंडलला करून बघू शकता. वाइनचा नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी वाइन करणं गुन्हा आहे, द्राक्षं स्वतःच्या बागेतली असली तरी. तुमच्याच तालुक्यात, पलूसला, शासनाने वाइन पार्क उभारला तो परवाना घेऊन करणाऱ्यांसाठी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे जवळपास ३८० लिटर, घरच्यापुरती करायची मुभा मिळाली. शिवाय कुंडल हे स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचं गाव. दारूबंदी हा त्या चळवळीच्या कामाचाच एक भाग होता, आणि तुमच्या गावात ती आठवण मान देण्यासारखी आहे.

लेकीला आणखी एक सांगा, तिला आवडेल. थॉमसन हे नाव पडलं ते तिच्याच कॅलिफोर्नियात, १८७० च्या दशकात ही बिनबियांची द्राक्षं तिथे लावणाऱ्या विल्यम थॉम्प्सनमुळे. आणि तासगाव तालुक्यातल्या बोरगावची तास-ए-गणेश ही त्याच थॉमसनमधून निघालेली जात. बरणीत माहेरचंच द्राक्ष आहे म्हणायला हरकत नाही.

आता खडे. ती साखर नव्हे. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, आपल्या चिंचेत असतं तेच. पोटॅशियमशी जोडून त्याचा क्षार होतो. मद्यार्कात तो कमी विरघळतो, थंडीत आणखी कमी, म्हणून फ्रीजमध्ये त्याचे स्फटिक बसतात. खडा दाताखाली धरला तर करकर वाजतो आणि आंबट लागतो. त्यापासून अपाय काही नाही. कारखान्यात बाटल्या भरण्याआधी वाइन मुद्दाम शून्याच्या खाली थंड करतात, म्हणजे हे खडे टाकीतच पडतात. लेकीनेही निवळलेली वाइन दोन-तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवून मग बाटल्या भराव्यात, आणि तरी पुढे खडे दिसले तर बाटली आदल्या रात्रीपासून उभी ठेवून शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्यावेत.