सी भाषा शिकतांना होणाऱ्या चुका

गेल्या पावसाळ्यांत पिंप्राळ्याचा एक विद्यार्थी उतरलेल्या चेहऱ्यानें आमच्याकडे आला. संगणकाच्या सी भाषेंत त्यानें पंचवीस ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता, आणि यंत्रानें त्यांत चौदा दोष दाखविले होते. "सर, पंचवीस ओळींत चौदा चुका! ही विद्या आमच्यासारख्याची नव्हे," असें म्हणून तो वही मिटूं लागला. आम्हीं त्यास बसवून घेतलें. थोड्याच वेळांत चौदाही दोष नाहींसे झाले. कारण खरी चूक एकच होती. परंतु त्या प्रोग्रामांत एक पंधरावी चूकही होती, व ती यंत्रानें सांगितली नव्हती. ह्या दोन तऱ्हांच्या चुका ओळखतां याव्यात, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

सी भाषा डेनिस रिची ह्यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. १९७८ सालीं ब्रायन कर्निघन ह्यांच्यासह त्यांनीं तिजवर लिहिलेला ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकर ह्यांच्या 'लेट अस सी' ह्या पुस्तकानें असंख्य विद्यार्थ्यांस ह्या भाषेची ओळख करून दिली आहे. यंत्राची रचना जाणणाऱ्या लोकांनीं ती आपल्या कामासाठीं केली. म्हणून लिहिणारास आपण काय करीत आहों हें ठाऊक आहे, असें ती गृहीत धरते. तज्ज्ञास हा विश्वास सोयीचा वाटतो. नवशिक्यास तोच महाग पडतो.

आपला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. व्याकरण मोडलें, तर तो ओळीच्या क्रमांकासह तक्रार करतो. ही तक्रार इंग्रजींत असल्यामुळें पुष्कळ मुलें ती न वाचतांच शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरून घेतात. असें करूं नये. तक्रारींतील प्रत्येक शब्दाचा अर्थ लावावा, आणि दाखविलेली ओळ व तिच्या वरची ओळ, अशा दोन्ही पाहाव्यात.

वरची ओळ कां पाहावी? आषाढी एकादशीस पिंप्राळ्यांत निघणारा रथ आपण सर्वांनीं पाहिला आहे. रथ ओढणारे पुष्कळ. पण त्यास थांबविणारी चाकाखालची मोगरी लहानशीच. ती वेळेवर लागली नाहीं, तर रथ पुढें जाऊन थांबतो. चूक झालेली जागा मागें राहते. सी भाषेंतील अर्धविराम ही वाक्याची मोगरी होय. सातव्या ओळीच्या शेवटीं अर्धविराम गाळला, तर कंपायलर वाक्य संपण्याची वाट पाहत पुढें जातो आणि बहुधा आठव्या ओळीशीं अडून तिचेंच नांव घेतो. आठवी ओळ निर्दोष असते.

दुसरा नियम असा कीं, पहिली तक्रार तेवढी सोडवावी व पुन्हा कंपायलर चालवावा. आमच्या विद्यार्थ्यानें एक महिरपी कंस नको तेथें मिटला होता. त्यामुळें 'मेन' हा मुख्य भाग आठव्या ओळीवरच संपला, आणि पुढील ओळी उंबऱ्याबाहेर पडल्यासारख्या निराधार झाल्या. तो एक कंस खोडतांच चौदाही तक्रारी मिटल्या. तसेंच, लहान व मोठीं रोमन अक्षरें ही भाषा निरनिराळीं मानते. 'मेन' चें पहिलें अक्षर मोठें लिहिलें, तर तिला तो शब्द परका वाटतो.

आतां ज्या चुकांविषयीं यंत्र बहुधा मौन धरतें, त्यांकडे वळूं.

एक बरोबर-चिन्ह (=) किंमत ठेवतें; दोन जोडून लिहिलीं (==) म्हणजे तुलना होते. 'गुण ३५ आहेत काय' असें विचारावयाचें असतां एकच चिन्ह लिहिलें, तर प्रत्येकाचे गुण ३५ होऊन बसतात. नापास झालेलाही पास, आणि पहिला येणाराही पस्तिशीचाच!

'स्कॅनएफ' नें संख्या वाचतांना चलाच्या नांवापूर्वीं '&' हें चिन्ह लागतें; तें चलाचा स्मृतींतील पत्ता सांगतें. तें गाळलें, तर चलांत असलेली किंमतच पत्ता समजली जाते. टपालवाल्यास घरक्रमांकाऐवजीं घरधन्याचें वय सांगावें, तसा हा प्रकार. बहुधा प्रोग्राम तेथेंच कोसळतो.

पांच घरांच्या ॲरेचे क्रमांक ० ते ४ असतात. पांच क्रमांकाचें घर नाहींच. तरी तेथें लिहूं गेल्यास ही भाषा अडवीत नाहीं, आणि शेजारची दुसरीच किंमत बिघडूं शकते. बेरजेच्या चलांत आरंभीं ० ठेवावयाचें राहिलें, तर न पुसलेल्या पाटीवर बेरीज मांडल्यासारखें होतें. 'फॉर' च्या कंसापुढें चुकून अर्धविराम पडला, तर फेरे रिकामेच फिरतात व आंतील काम एकदांच होतें.

आतां ती पंधरावी चूक. तो प्रोग्राम घरच्या केळीच्या बागेसाठीं होता. नमुन्याच्या तीन घडांचें वजन अनुक्रमें १७, १८ व १५ किलो. त्यांची सरासरी काढून तिला ३०० घडांनीं गुणावयाचें. यंत्रानें ४८०० हें उत्तर दिलें. मुलगा हर्षानें घरीं गेला आणि दुसऱ्या दिवशीं परत आला. "सर, आबा म्हणतात, तीन घड मिळून पन्नास, तर तीनशें घड म्हणजे त्याच्या शंभरपट. पांच हजार व्हावयास पाहिजेत."

आबांचेंच खरें होतें. सी भाषेंत पूर्णांकास पूर्णांकानें भागलें म्हणजे अपूर्णांक टाकून दिला जातो. ५० भागिले ३ ह्याचें उत्तर १६ एवढेंच उरलें, आणि दर घडामागें दोन-तृतीयांश किलो ह्याप्रमाणें २०० किलो केळीं हिशेबांतून गळालीं. भाजक ३ ऐवजीं ३.० लिहिला व सरासरीचा चल 'डबल' ह्या जातीचा केला, तेव्हां उत्तर बरोबर आलें. दोहोंपैकीं एकच सुधारणा केली असती, तर चूक तशीच राहिली असती.

जीसीसी नांवाचा कंपायलर वापरणारांनीं आज्ञेंत '-डब्ल्यूऑल' हा पर्याय रोमन अक्षरांत जोडावा. त्यांत पहिलें अक्षर मोठें व बाकीचीं लहान असतात. मग एकेरी बरोबर-चिन्ह, गाळलेला पत्ता अशा कित्येक चुकांची सूचना मिळते. परंतु वरील भागाकाराविषयीं तोही कांहीं बोलत नाहीं. तेथें उपाय एकच: ज्याचें उत्तर तोंडीं काढतां येतें, असें लहान उदाहरण आधीं कागदावर सोडवावें, व मग यंत्राचें उत्तर त्याशीं ताडून पाहावें.

पालकांस आमची विनंति आहे. आपणांस संगणक येत नसला, तरी मुलास त्याचा प्रोग्राम ओळीओळीनें मराठींत समजावून सांगावयास लावा. ज्या ओळीशीं तो अडखळेल, तेथें चूक असण्याचा पुष्कळ संभव असतो. आणि उत्तर आलें म्हणजे, आबांनीं विचारलें तसें, 'हें कसें?' असें विचारावयास भिऊं नका.

चौदा दोष यंत्रानें मोठ्यानें सांगितले, त्यांचें मूळ एक कंस होतें. पंधरावा त्यानें सांगितलाच नाहीं, आणि तो दोनशें किलोंचा होता. म्हणून, मुलांनो, तक्रारींची लांब यादी पाहून वही मिटूं नका. आणि तक्रार आली नाहीं, एवढ्यावरूनही ती मिटूं नका.