सी ड्राइव्ह फुल्ल? आधी 'विंडोज.ओल्ड' उघडून बघा!

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी कायम फुल्ल असतात. एक सकाळचं बाथरूम आणि दुसरी सी ड्राइव्ह. पहिलीवर इलाज नाही, दुसरीवर आहे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांनी आपली मशीन्स विंडोज ११ वर नेली. असं अपग्रेड केलं की जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही. ती 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर नवी विंडोज टाकली, तरी तेच होतं. हा फोल्डर कित्येकदा २० जीबीच्या वर जातो. २५६ जीबीच्या एसएसडीवर ही जागा थोडीथोडकी नव्हे!

पण थांबा, लगेच डिलीट मारू नका. हा फोल्डर म्हणजे परतीचं तिकीट आहे. अपग्रेडनंतर १० दिवस 'गो बॅक' करून जुन्या विंडोजवर जाता येतं. त्यानंतर विंडोज स्वतःच तो काढून टाकते. म्हणून क्रम असा ठेवा :

१) आधी डेटा. 'पर्सनल फाइल्स' न ठेवता विंडोज टाकली असेल, तर तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स विंडोज.ओल्डमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये असतात. प्रोजेक्ट रिपोर्ट, ड्रॉइंग्ज, फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करा. नुसतं नाव बघून समाधान मानू नका, फाइल उघडून बघा.

२) मग टेस्टिंग. वायफाय, साउंड, प्रिंटर आणि प्रॅक्टिकलला लागणारी सॉफ्टवेअर्स नव्या विंडोजवर चालतात का, ते तपासा.

३) शेवटी सफाई. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेने जा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर टिक करा. याच यादीत 'डाउनलोड्स' सुद्धा असतं. त्यावर टिक राहिली तर डाउनलोड केलेल्या नोट्सही गेल्याच म्हणून समजा! यादी नीट वाचूनच 'रिमूव्ह फाइल्स' दाबा.

काही जण सरळ शिफ्ट-डिलीट मारतात. पण इथल्या बऱ्याच फाइल्सची मालकी सिस्टिमकडे असते. परमिशन नाही म्हणून काम अर्ध्यावर अडकतं आणि कचरा तसाच राहतो.

दोन ठिकाणी मात्र अजिबात हात लावू नका. एक म्हणजे विंडोजमधला 'विनएसएक्सएस' फोल्डर. तो दिसतो तेवढा मोठा नसतो, कारण त्यातल्या अनेक फाइल्स हार्ड लिंकमुळे दोनदा मोजल्या जातात. शिवाय अपडेट्सना तो लागतोच. दुसरं म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसणारं छोटंसं 'ईएफआय' पार्टिशन. जागा मिळेल म्हणून ते उडवलंत, तर मशीन बूटच होणार नाही.

जागा काय, उद्याही रिकामी करता येते. पण सबमिशनच्या आदल्या रात्री उडालेला रिपोर्ट कुठलाही रूममेट परत आणून देत नाही. तेव्हा आधी बॅकअप, मग झाडू!